न आलेल्या उत्तरांची मोजणी

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून कंप्युटरवर लक्ष ठेवते." ऐकणारीला वाटायचं, कुठल्यातरी ऑफिसातले संगणक चोरीला जाऊ नयेत म्हणून मला तिथं बसवलंय. सुरुवातीला मी त्यांचं बोलणं दुरुस्त करायचे. पुढं सोडून दिलं, कारण त्यांचं म्हणणं तसं फार चुकीचं नव्हतं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. वीसएक माणसं. दवाखाने आणि रक्तपेढ्या यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. लिहिणारी मुलं-मुली वेगळी होती. ते लिहून झाल्यावर, गावोगावच्या दवाखान्यांत ते नीट चालतंय की नाही, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. तुम्ही पडद्यावर बटण दाबता आणि एक छोटं चाक गोल फिरायला लागतं. तुमची मागणी कुठंतरी दूरच्या यंत्रावर जाते, तिथं काहीतरी शोधलं जातं, लिहिलं जातं आणि उत्तर परत येतं. या एका फेरीला आमच्यात ट्रान्झॅक्शन म्हणतात. फेरीला जास्त वेळ लागला तर ती संथ. आणि तुमच्या पडद्यानं वाट बघून बघून नाद सोडला, 'वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा' असं लिहून दाखवलं, की तो टाइमआउट. असं काही व्हायला लागलं तर माझ्या फोनवर घंटा वाजून निरोप यायचा. त्याला अलर्ट म्हणायचं.

ऐकायला सोपं आहे. अवघड एकच गोष्ट असते. घंटा कधी वाजावी हे माणसाला ठरवावं लागतं. ते ठरवणारी मी होते.

पहिल्यांदा ठरवताना मी हौसेनं मर्यादा दोन सेकंदांवर ठेवली. कुठल्याही दवाखान्यात कुठल्याही मागणीला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले, की वाजव. त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं. पंगतीत बसले आणि फोन जो थरथरायला लागला, तो थांबेचना. जिलेबी वाढणारा म्हणाला, "ताई, घ्या की फोन, कोणतरी लई अडचणीत दिसतंय." कोणी अडचणीत नव्हतं. कुठं कोणी वर्षभराचा अहवाल काढत होतं, कुठं एक्स-रेचं चित्र उघडायला चार सेकंद लागत होते. माझे यजमान विनायक यांनी शेवटी फोन रुमालात गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकला.

अशा घंटेचं एक वाईट असतं. चार दिवसांत माणूस तिच्याकडं बघायचं सोडतो. मला ते कळत होतं, म्हणून मी सोमवारी जाऊन मर्यादा वाढवली. पाच सेकंद, मग दहा, मग पंधरा. आणि तेही एकेका मागणीचे नव्हेत. सगळ्या दवाखान्यांची मिळून दहा मिनिटांची सरासरी पंधरा सेकंदांच्या वर गेली, तरच वाजव. त्यानंतर घंटा वाजायची बंद झाली. आमचे मालक देसाई सर महिनाअखेरीला म्हणाले, "मॅडम, या महिन्यात एकही अलर्ट नाही. छान चाललंय." मीही मान डोलावली. ती मर्यादा मी रुग्णांकडं किंवा नर्सकडं बघून ठरवली नव्हती. माझा फोन गप्प बसावा म्हणून ठरवली होती. हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी कबूल केलं नसतं. आज करते.

दोनेक वर्षं अशी शांततेत गेली.

जुलैतला मंगळवार होता. दुपारचे बारा वाजून गेले होते, आणि रक्तपेढीतून चौगुले मामांचा फोन आला. चौगुले मामा तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. आवाज इतका मोठा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागायचा. सॉफ्टवेअर येऊन इतकी वर्षं झाली तरी रोज सकाळी फ्रीज उघडून पिशव्या मोजायच्या आणि फळ्यावर खडूनं लिहायच्या, हा नेम त्यांनी सोडला नव्हता. आमच्या ऑफिसातली पोरं त्यावरून हसायची.

"मॅडम, तुमचं मशीन म्हणतंय ओ निगेटिव्ह एक बी न्हाय. मी फ्रीजसमोर उभा हाय. चार पिशव्या माझ्या डोळ्यांनी बघायलोय."

"मामा, राखून ठेवलेल्या असतील."

"व्हय, राखूनच ठेवल्यात म्हणतंय. चारी मलकापूरला. पण मलकापूरचं पावणं आत्ता खिडकीत आलंय, त्याच्या चिठ्ठीवर एकच पिशवी लिवलीया. मग बाकीच्या तीन कुणाच्या?"

इथं थोडं सांगायला हवं. ओ निगेटिव्ह हा गट फार थोड्यांचा असतो, त्यामुळं पेढीत त्याच्या पिशव्या नेहमीच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. जिल्ह्यातल्या दवाखान्यांना आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पेढीतला साठा दिसायचा, आणि तिथूनच पिशवी राखून ठेवता यायची. राखलेली पिशवी दुसऱ्याला दिसत नसे. सहा तासांत कोणी न्यायला आलं नाही, तर ती आपोआप मोकळी व्हायची.

मी नोंदी उघडल्या. मलकापूरच्या एका छोट्या प्रसूतिगृहातून अकराच्या सुमारास एकाच बाईच्या नावावर, सहा मिनिटांच्या आत, एकेक करून चार पिशव्या राखल्या गेल्या होत्या. काय झालं असेल हे बघताक्षणी कळलं. तिथल्या सिस्टरनं बटण दाबलं. मागणी आमच्यापर्यंत पोचली, पिशवी राखली गेली. पण 'राखली' हे उत्तर परत जायच्या आत तिकडचा पडदा वाट बघून थकला आणि म्हणाला, वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा. सिस्टरनं पुन्हा प्रयत्न केला. असं चारदा. तिला वाटलं एकही पिशवी मिळाली नाही, म्हणून तिनं बिचारीनं चिठ्ठी लिहून माणूस पाठवला. इकडं चारही पिशव्या अडकल्या.

त्याच्या खालची ओळ मी नंतर वाचली. सव्वाअकरा वाजता गडहिंग्लजच्या एका दवाखान्यानं ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या शोधल्या होत्या. उत्तर अर्ध्या सेकंदात गेलं होतं: शून्य.

अशा हजारो ओळी मी रोज बघायचे. वेळ, दवाखाना, किती सेकंद. त्या ओळीच्या पलीकडं कोणीतरी माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तोवर ते कधी जाणवलं नव्हतं. मी गडहिंग्लजला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "बाळंतपणानंतर रक्तस्राव होतोय पेशंटला. कोल्हापुरात रक्त नाही म्हणून डॉक्टरांनी नवऱ्याला बेळगावला पाठवलंय. पाऊण तास झाला. सॅम्पल पण त्यांच्याकडंच आहे."

सॅम्पल म्हणजे रुग्णाच्या रक्ताचा नमुना. पेढीतलं रक्त त्याच्याशी जुळवून बघितल्याशिवाय देत नाहीत. म्हणजे कोल्हापुरातून नुसती पिशवी पाठवून भागणार नव्हतं. माणूसच इकडं यायला हवा होता.

नवऱ्याचा नंबर घेतला. नाव सागर, गाव नेसरी. दोनदा फोन वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

"कोण?"

"मी कोल्हापूरहून बोलते. कोल्हापुरात रक्त आहे. दोन्ही पिशव्या आहेत. तुम्ही कुठवर पोचलात?"

"हत्तरगीच्या पुढं. पण तिथं तर न्हाय म्हणाले की!"

"चूक झाली होती. आहे."

गाडीचा आणि वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बाई, मी माघारी फिरलो आणि तितं येऊन तुम्ही न्हाय म्हणालासा, तर माझ्या बायकूचं काय व्हईल?"

बेळगावला रक्त असेलही, नसेलही. मला ते माहीत नव्हतं. माझ्या दुसऱ्या कानाला ऑफिसच्या फोनवर चौगुले मामा होते. मी त्यांना विचारलं, "मामा, पिशव्या कुठं आहेत?" ते म्हणाले, "माझ्या हातात. त्याला सांगा, चौगुले हलत न्हाय हितनं."

मी सागरला तसंच्या तसं सांगितलं. तो गाडी चालवणाऱ्याला म्हणाला, "फिरीव गाडी," आणि फोन ठेवला.

इतक्या वर्षांत रुग्णाच्या माणसाशी मी बोलले ती पहिली वेळ. फोन ठेवल्यावर जागेवर बसवेना. देसाई सरांना दोन वाक्यांत सांगितलं आणि रिक्षा करून पेढीवर गेले. तिथं माझं काहीच काम नव्हतं. मामांनी मलकापूरच्या पाहुण्याला त्याची एक पिशवी देऊन पाठवलं होतं आणि जुळवणीचं सामान मांडून ठेवलं होतं.

तासाभरानं सागर आला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, अंगात दुधाच्या डेअरीवर जातानाचाच शर्ट असावा, बाहीला वैरणीची काडी चिकटलेली. बर्फ घातलेला थर्मास त्यानं दोन्ही हातांनी मामांच्या पुढं धरला. जुळवणीला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ तो आणि मी एका बाकावर बसलो होतो. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "पैलीच येळ हाय. पोरगी झाली. पोरगी एकदम ब्येस हाय." मग थोड्या वेळानं, "फोन तुम्हीच केलासा न्हवं? लई उपकार झालं बगा. न्हायतर मी बेळगावात कुठं हिंडलो असतो."

मी काय बोलायला हवं होतं, हे मला त्या वेळीच ठाऊक होतं. मी म्हटलं, "काळजी करू नका, होईल सगळं नीट."

मामांनी पिशव्या बर्फाच्या पेटीत भरून दिल्या. तो पळतच जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडहिंग्लजच्या डॉक्टरांशी बोलले. बाई वाचली होती. तिचं नाव सारिका. पण रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं होतं. मी विचारलं, "रक्त दोन तास आधी मिळालं असतं तर?" डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित तरीही काढावं लागलं असतं. कदाचित नाही." मग म्हणाले, "पूर्वी आम्ही चौगुल्यांना फोनच करायचो. तुमचं सॉफ्टवेअर आल्यापासून कोणी करत नाही. पडद्यावर दिसतंय म्हटल्यावर विचारायचं कशाला?"

सगळं नीट असलं की हिरवा आणि बिघडलं की लाल दिसणारा माझा तक्ता, त्या दिवशीचा, मी कितीदातरी उघडून बघितला. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत सगळं हिरवंगार. सरासरी दीड सेकंद. एकही घंटा नाही. देसाई सर म्हणाले, "मलकापूरचं नेटवर्क खराब आहे, मॅडम. घाटाजवळचं गाव, पावसाचे दिवस. तसं लिहून टाका अहवालात." ते खोटं नव्हतं. नेटवर्क खराब होतंच. पण नेटवर्क खराब असताना तक्ता हिरवा का, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर मला विनायकनी दिलं. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, माल तपासायचे. सकाळी चहा पिताना मी त्यांना तक्ता दाखवला, सरासरी कशी काढते ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "ही वेळ कधी मोजली जाते?"

"उत्तर परत गेलं की."

"आणि गेलंच नाही तर?"

मी पुन्हा तक्त्याकडं बघितलं.

"आमच्यात नवं पोरगं आलं, की हीच चूक करतं," ते म्हणाले. "तपासणीच्या टेबलावर आलेले नग मोजतं आणि सांगतं, माल चांगला आहे. साच्यातच मोडलेले नग टेबलावर येतच नाहीत. ते मागं भंगारात पडलेले असतात. ते कोण मोजणार?"

चहा तसाच राहिला. माझ्या सरासरीत फक्त पोचलेली उत्तरं होती. ज्यांची वेळ संपली, ती मोजणीतच नव्हती. म्हणजे मलकापूरच्या सिस्टरला जितका जास्त त्रास, तितकी तिची नोंद कमी आणि माझा तक्ता तितका हिरवा. मी दोन वर्षं शांतता म्हणून जे बघत होते, ते हे होतं.

गुरुवारी एसटीनं मलकापूरला गेले. प्रसूतिगृह बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. शोभा सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी कोण ते सांगितल्यावर आधी घाबरल्या. त्यांना वाटलं, चार पिशव्या अडकवल्या म्हणून मी जाब विचारायला आलेय.

"म्याडम, मी काय मुद्दाम केलं न्हाय. ते गोल फिरतं आणि मग 'पुन्हा करा' म्हणतं. पुन्हा करा म्हटलं की आम्ही करतो."

"कधीपासून होतंय असं?"

"लई दिवस झालं की. दोन वर्सं तर नक्की."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"केली की! दोनदा फोन लावला तुमच्या हाफिसात. तुमचं नेटवर्क बघा म्हणाले. तिसऱ्यांदा न्हाय लावला." मग हळूच म्हणाल्या, "पेशंट बघायचा का फोन करत बसायचं?"

आधीही पिशव्या अशा अडकल्या असणार. पण नेहमीच्या गटांच्या पिशव्या पेढीत भरपूर असतात. तीन-चार जास्त अडकल्या आणि संध्याकाळी मोकळ्या झाल्या, तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मी दिवसभर सिस्टरांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले, हातात घड्याळ घेऊन. त्या काम करत होत्या आणि मी त्यांच्या बोटाकडं बघत होते. बटण दाबल्यावर पाच सेकंद त्या शांत असायच्या. सहाव्याला मान पुढं यायची. आठव्या-नवव्याला बोट पुन्हा बटणाकडं जायचं. बाळ रडत असलं तर सहाव्यालाच. आमच्या ऑफिसातल्या कोणालाही हा आकडा माहीत नव्हता. कागदावर पंधरा सेकंद चालत होते, पण इथं आठ सेकंदांत माणसाचा धीर सुटत होता.

परत येऊन मी सगळ्या घंटा पुसून टाकल्या आणि नव्यानं मांडल्या. सगळ्या दवाखान्यांची एक सरासरी काढणं बंद केलं. प्रत्येक गाव वेगळं मोजायचं. अहवालाला वेळ लागला तर लागू दे, त्याची घंटा नको. पण रक्त शोधणं आणि राखणं या दोन कामांना आठ सेकंद ही मर्यादा, शोभा सिस्टरांच्या बोटानं ठरवलेली. वेळ संपलेल्या मागण्या वेगळ्या मोजायच्या, आणि रक्ताच्या बाबतीत एक जरी मागणी अशी गेली तरी घंटा वाजायची. आणखी एक घंटा मी अशी लावली, की ती काहीच घडलं नाही तर वाजेल. जे गाव रोज दहा मागण्या पाठवतं, तिथून अर्ध्या दिवसात एकही आली नाही, तर मला कळायला हवं. लिहिणाऱ्या मुलांनी त्यांच्या बाजूनं एक दुरुस्ती केली. प्रत्येक मागणीला एक क्रमांक दिला, म्हणजे बटण चारदा दाबलं तरी पिशवी एकच राखली जाईल.

देसाई सरांनी माझा अहवाल वाचला. त्यात मी 'मलकापूरचं नेटवर्क' लिहिलं होतं आणि त्याच्या वर 'चुकीची मर्यादा आणि चुकीची मोजणी' असं लिहून माझं नाव घातलं होतं. ते म्हणाले, "नावाची गरज नव्हती." पण खोडलं नाही.

नव्या घंटा वाजायला लागल्या. पहिल्याच महिन्यात चंदगड बाजूच्या एका दवाखान्याची वाजली. मी लगेच तिथं फोन केला तर तिकडची नर्स दचकली, "अगं बाई, तुम्हाला कसं कळलं? मी आत्ता तेच करायला लागलेय!" मी पेढीतून पिशवी राखवून दिली. बरं वाटलं. पण सागरला मी बाकावर जे सांगितलं नव्हतं, ते तसंच राहिलं होतं.

दिवाळी झाल्यावर मी सरांना सांगितलं, की मी नेसरीला जाणार आहे. ते म्हणाले, "कंपनीतर्फे जाऊ नका, मॅडम. उगीच वाढेल." मी म्हटलं, "कंपनीतर्फे जातच नाहीये." विनायकनी सुट्टी घेतली आणि दोघं मोटारसायकलवरून गेलो.

घर गावाच्या कडेला, पुढं गोठा. सागरनं मला ओळखलं. मोठ्यानं हाक मारली, "सारिके, त्या कोल्हापूरच्या बाई आल्यात बग, फोनवाल्या!" आमच्यासाठी सतरंजी अंथरली. सारिका पोरीला घेऊन बाहेर आली. गोरीपान, बारीक, अजून अशक्त दिसत होती. पोरगी मात्र गुटगुटीत. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. पिशव्या त्या दिवशी होत्या. चार होत्या. पडद्यावर शून्य दिसलं कारण त्या चुकून अडकल्या होत्या. अडकतात हे मला दोन वर्षं आधी कळायला हवं होतं, ते माझंच काम होतं. मी घंटा अशी लावली होती, की ती वाजणारच नाही.

सागर ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो उठला, चपला घातल्या आणि गोठ्यात गेला. आतून बादलीचा आवाज आला. म्हशींना पाणी पाजायची ती वेळ नव्हती. आम्ही निघेपर्यंत तो परत आला नाही. त्याला मी आजही दोष देत नाही.

सारिका तशीच बसून होती. पोरीनं तिच्या मंगळसूत्राला हात घातला होता, तो तिनं सोडवला. मग मला विचारलं, "आता वाजती व्हय घंटा?"

"वाजते."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं. माझ्या फोनवर."

"आणि तुम्ही नसलासा तर?"

अख्ख्या ऑफिसात, त्या सगळ्या बैठकांत, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी आजारी पडले, माझा फोन बंद पडला, मी गाडीवर असले तर? त्या क्षणीसुद्धा माझा फोन पिशवीत होता आणि येताना वाटेत घाटात तासभर रेंज नव्हती.

"मला ते सुचलं नव्हतं," मी म्हटलं.

"मग ते तेवढं बगा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "आता माझं काय, जे व्हायचं ते झालं. दुसरी कोण असंल तिचं बगा."

निघताना तिनं पोरीला माझ्याकडं दिलं नाही. मीही मागितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी ते काम हाती घेतलं. पाच मिनिटांत मी घंटेला उत्तर दिलं नाही, तर ती ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाकडं जाईल, तिथून तिसऱ्याकडं. रक्ताची घंटा पहिल्यापासूनच चौगुले मामांच्या खिडकीत वाजेल, आणि ज्या दवाखान्याची मागणी अडकली, तिथल्या नर्सच्या फोनवर निरोप जाईल: 'तुमची मागणी अडकली आहे, पेढीत थेट फोन करा.' खाली पेढीचा नंबर. देसाई सर म्हणाले, "गिऱ्हाइकाला आपणच सांगायचं, की आपलं सॉफ्टवेअर अडकलंय?" मी म्हटलं, "त्यांना ते आपल्या आधी कळलेलं असतं, सर." मामांची तक्रार घंटेच्या आवाजाबद्दल होती. "लई बारीक वाजतंय, मॅडम. चिमणी वरडल्यागत. हितं पंख्याच्या आवाजात ऐकू कसं यायचं?" त्यांना भोंगा बसवून दिला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी हार, नारळ, फोटो सगळं झालं. चार वाजता मी माझ्या खुर्चीवर बसून घंटेची यादी उघडली. वरून पहिलं नाव माझं. ते काढून टाकायचं बटण दाबलं. पडद्यानं विचारलं, हा क्रमांक काढल्यास निरोप मिळणार नाहीत, चालेल का? यादीत माझ्या खाली सात नावं होती. सगळ्यात शेवटी शोभा सिस्टर; ऑफिसातल्या कोणीच उत्तर दिलं नाही, तर पेढीला फोन करायला.

मी 'होय' दाबलं. उत्तर यायला एक सेकंद लागला.